बदल : काही नाही

३ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडलंस की तसंच बाजूला टाकलंस, हे कळायला मला मार्ग नाही. फोडलं असशील तर वाच. पाच वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय, म्हणजे मामाचं काहीतरी अडलंय हे तू ताडलंच असशील. अडलंय. ते शेवटी सांगतो. लहानपणी गोष्टीचा शेवट आधी कळला की तू उठून चालू पडायचीस, तेव्हा ती जोखीम मी घेणार नाही.

पत्ता मामीकडून घेतला. तुझा फोन आला की ती बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. मला कळत नाही असं तिला वाटतं, आणि मी तसं वाटू देतो. पत्ता मागितला तर तिने 'कशाला' म्हणून विचारलं नाही. चिठ्ठीवर लिहून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला.

सुरुवातीला तू मलाही फोन करायचीस, मी घेत नसे. मामाने राग धरला असं तू समजलीस. समजूत चुकीची होती, पण ती दुरुस्त करायला मी काही केलं नाही.

इकडचं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक आहे. एप्रिलअखेर मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षं उंदीर सांभाळल्यावर माणसं सांभाळता येतील का, अशी मामीला काळजी आहे. उंदीरघर तसंच आहे. भिंती नव्याने रंगवल्या, मांडण्या बदलल्या, पण वास तोच. तू म्हणायचीस ना, मामाच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा वास येतो. अजून येतो.

तुझ्या टेबलावर आता एक नवी डॉक्टर बसते. जाड चष्मा आहे, म्हणून मी तिला मनात चष्मेवाली म्हणतो. मला काका म्हणते. तुझाच परजीवी घेऊन बसली आहे, वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा आणि कातडीवर व्रण करणारा. आणि तुझंच औषध, ते एन्झाइम अडवणारं रोधक. तुझा जुना अहवाल तिने कपाटातून शोधून काढला. 'फेटाळला' असा शिक्का आहे त्यावर, तरी वाचला. परवा माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, या बाईंनी आकडे बनवलेत असं मला वाटत नाही. बनवणारा माणूस इतके वाकडेतिकडे आकडे बनवत नाही."

मी म्हटलं, "ती माझी भाची."

तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आता काम. तुझ्या प्रयोगाच्या पहिल्या फेरीच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या काचपट्ट्या तू जाताना बरोबर नेल्या होत्यास. त्या तिला हव्या आहेत. संचालक तिला तुझ्याशी संपर्क करू देत नाहीत, म्हणतात मेलेलं प्रकरण आहे. म्हणून मी लिहितोय. पाठवशील का?

मामा


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, असं लिहिणार होतो. पण शुक्रवारी टपालवाला आला तेव्हा मी जिन्यात उभा होतो आणि मामीने ते पाहिलं.

चष्मेवालीने दिवाळीपासून काय चालवलं होतं ते ऐक, निकाल आत्ता हाती आलाय. माझ्या स्वच्छ, निरोगी, तोंडी लावायलाही रोग नसलेल्या उंदरांना तिने मुद्दाम जंत दिले! पोटातले, साधे. तिची परवानगी वगैरे सगळी रीतसर होती. मी कागद बघितला आणि सही केली. एकतीस वर्षं ज्या गोष्टीला दाराबाहेर ठेवलं, तिला पाटावर बसवून घास भरवायचा.

तर जंत दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर, दोघांनाही तिने तुझा परजीवी टोचला, मागच्या डाव्या पायात, तू टोचायचीस तिथेच. मग दोन्हीकडच्या निम्म्यांना रोधक दिलं. जंतवाल्यांमध्ये रोधक मिळालेल्यांचे पाय सुकले आणि न मिळालेल्यांचे चिघळत राहिले. तुझी पहिली फेरी डोळ्यांपुढे आण, अगदी तशी. बिनजंताच्यांमध्ये रोधक द्या नाहीतर देऊ नका, सगळ्यांचे पाय सारखेच सुकले. म्हणजे तुझी दुसरी आणि तिसरी फेरी. ज्या दोन फेऱ्यांवरून चौकशी समितीने ठरवलं की पहिलीतले आकडे तू घरी बसून जुळवलेस.

तिने मला समजावलं ते असं. शरीरातल्या रखवालदार पेशींकडे कच्चा माल एकच. एका एन्झाइमने तो उचलला तर त्याचं विष होतं आणि परजीवी मरतो. दुसऱ्याने उचलला तर त्याचा गिलावा होतो, जखमा लिंपायचा, आणि परजीवी त्याच गिलाव्यावर पोसतो. पोटात जंत असले की शरीर लिंपण्याच्या मागे लागतं आणि ते दुसरं एन्झाइम भरमसाट वाढतं. रोधक त्याला अडवतं, मग रखवालदारांना विषाकडे वळणं भाग पडतं. जंतच नसतील तर ते दुसरं एन्झाइम मुळात थोडंच असतं. "बंद नळाला बोळा कोंबून काय होणार, काका?" असं म्हणाली. तुला हे सगळं माझ्यापेक्षा आधी कळलं असेल.

मग तिने विचारलं, "त्या वर्षी इथल्या उंदरांना कधी जंत झाले होते का?"

मी म्हटलं, "माझ्या उंदीरघरात? भिंतीवरचं रोगमुक्तीचं मान्यतापत्र बघ. त्याच वर्षीचं आहे."

तिने बघितलं. म्हणाली, "हो, खरंच की." आणि गेली.

तिला काय सांगितलं ते तुला कळवलं, एवढंच. काचपट्ट्यांचं बघ.

मामा


७ मार्च

भिंगरी,

हे पत्र मी उंदीरघरातच लिहितोय, दुपारच्या सुट्टीत. घरी मामी खांद्यावरून वाचते.

जंत होते.

तुझी पहिली फेरी संपली त्या जुलैमधली गोष्ट. पैदाशीच्या खोलीतली एक मादी सारखी शेपटीच्या बुडाशी तोंड लावून बसायची. मी चिकटपट्टी घेतली, तिच्या शेपटीखाली दाबली, काचेवर डकवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. केळ्याच्या आकाराची, एका बाजूने चपटी अंडी. पुढच्या पिंजऱ्यातही तीच. शंभर पिंजरे तपासले त्यात ब्याऐंशींमध्ये सापडली. म्हणजे महिनोन् महिने होती आणि मी मान्यतापत्राच्या गप्पा मारत फिरत होतो.

नियम तुला पाठ आहे. संचालकांना लेखी कळवायचं, उंदीरघर रिकामं करायचं, सगळे उंदीर मारायचे, खोल्या धुऊन नवी जोडपी आणायची. नऊशे चौदा उंदीर होते. तपासणीचं पथक सात आठवड्यांनी येणार होतं. मी मनाशी म्हटलं, दुसऱ्या फेरीसाठी भिंगरीची पिल्लं वाढताहेत, तीही जातील आणि पोरीचं वर्ष फुकट जाईल. हे कारण मला फार आवडलं. ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाहेरून जंताच्या औषधाचं खाद्य आणवलं आणि साऱ्या पिंजऱ्यांना घातलं. रविवारी, कोणी नसताना, मी एकट्याने. वहीत रोज 'बदल' असा रकाना असतो. त्यात रोजच्यासारखं 'काही नाही' लिहिलं. पथक आलं, चिकटपट्ट्या लावल्या, एक अंडं सापडलं नाही. मान्यतापत्र मिळालं. संचालकांनी चौकट करून लावलं आणि मला हार घातला. तूही टाळ्या वाजवत होतीस.

पुढच्या मार्चमध्ये समितीचा कागद आला. खाद्य, भुसा, पाणी, उजेड, तापमान, औषधं, दोन फेऱ्यांदरम्यान यांपैकी कशात बदल झाला का? मी खाली 'काही नाही' लिहून सही केली. हात सवयीने चालला असं म्हटलं तरी चालेल.

याचा तुझ्या प्रयोगाशी काही संबंध असेल हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. एन्झाइम नि रोधक मला आत्ता, चष्मेवालीमुळे कळतंय. जंत काढले म्हणजे उंदीर बरे झाले, यापलीकडे माझी झेप नव्हती. एवढं लक्षात घे.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला सुट्टीची वीस मिनिटं गेली.

मामा


२२ मार्च

भिंगरी,

काल संचालकांकडे गेलो. लेखी जबाब बरोबर नेला होता. त्यांनी वाचला, पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"पाच आठवडे राहिलेत तुमचे," ते म्हणाले. "आता हे उकरून काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत माझी भाची आहे," मी म्हटलं.

"ती कुठेतरी नोकरी करतेय ना? चांगलं चाललंय ना तिचं?"

मी सांगितलं, दिवसभर लोकांच्या शौचाचे नमुने तपासते, जंतांची अंडी शोधते. ते हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. कप उचलून कागद मला परत देऊ लागले, तर मी म्हटलं, याची एक प्रत नव्या डॉक्टरीणबाईंकडे दिली आहे आणि एक समितीकडे गेली आहे. तेव्हा त्यांनी कागद ठेवून घेतला. एकतीस वर्षांत त्यांच्यावर केलेली ही माझी एकमेव कुरघोडी.

चष्मेवालीला प्रत आधीच दिली होती. मला वाटलं चिडेल, कारण तिच्या तोंडावर खोटं बोललो होतो. तिने फक्त विचारलं, "तारखा आठवतात?" मी म्हटलं, आठवतात. तिने वही उघडली. तुम्हा लोकांचं हे असंच असतं. घर जळत असलं तरी किती अंशांवर जळतंय ते आधी बघाल.

मामीला जेवताना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"पाच वर्षं मी त्या पोरीला सांगतेय, मामाचा राग जाईल गं, थोडा धीर धर," ती म्हणाली. "तुम्ही रागावलाच नव्हतात?"

"नाही."

"मग मी कोणाची समजूत काढत होते?"

तीच म्हणाली, "अहो, तुम्हाला उंदराच्या शेपटीखालचं दिसतं, पण समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही." मग भांडी मलाच घासायला लावली. अजून मीच घासतोय.

मामा


५ एप्रिल

भिंगरी,

घाईत लिहितोय. समिती बसली. तुझ्यावरचा ठपका मागे घेतला, तसं पत्र तुला येईल. चष्मेवाली म्हणते, शोधनिबंध निघेल त्यावर तुझं नाव पहिलं, तिचं नंतर. शहाणी आहे, थोडी हट्टी आहे, तुझं तिच्याशी पटेल.

मान्यतापत्र भिंतीवरून काढलं. मीच काढलं, शिडीवर चढून. मागचा रंग जुना राहिला आहे, चौकोन दिसतो.

माझ्याबद्दल समितीने लिहिलंय की नोंद न करणं गंभीर आहे, परंतु सदर कर्मचाऱ्यास परिणामांची कल्पना नसल्याने समज देऊन सोडावे. समज दिली. सहाजण ओळीने बसले होते आणि एकजण उभ्या उभ्या समज देत होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल.

तुझं काही कळत नाही. मामी सांगत नाही.

मामा


१८ एप्रिल

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. काचपट्ट्यांचा डबा त्याच दिवशी चष्मेवालीच्या नावाने आला, एकही फुटली नाही. तू प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळली होतीस, तिने मला दाखवलं.

कार्डावर वर काही नाही, खाली काही नाही. मधे पाच प्रश्न. आणि जन्मभर मला अरे-तुरे करणाऱ्या पोरीने 'तुम्ही' लिहिलंय. बरोबर आहे. परक्या माणसाला प्रश्न विचारताना तसंच लिहितात. क्रमाने उत्तरं देतो.

एक. कोणतं औषध? खाद्यात मिसळून येणारं, जनावरांच्या जंतांचं नेहमीचं. पोत्यावरची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, का ते विचारू नकोस. या पत्राला जोडली आहे.

दोन. किती दिवस? एक आठवडा औषधाचं, एक आठवडा साधं खाद्य, असं तीनदा. पहिला घास २० जुलैला, शेवटचा २३ ऑगस्टला.

तीन. सगळ्या पिंजऱ्यांना की काहींना? सगळ्या. तुझ्या दुसऱ्या फेरीच्या पिल्लांनाही. पहिल्या फेरीचे उंदीर त्याआधीच संपले होते, त्यांना एक कणही मिळाला नाही. म्हणजे तुझी पहिली फेरी जंतवाली आणि पुढच्या दोन्ही निर्जंत. यात संदिग्ध काही नाही, खुशाल छाप.

चार. औषधानंतर पुन्हा तपासलं का? दर पंधरा दिवसांनी, वर्षभर. सगळे स्वच्छ. त्या नोंदी वहीत नाहीत, माझ्या खिशातल्या डायरीत आहेत. डायरी चष्मेवालीला दिली.

पाच. "मी स्वयंपाकघरात विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

समितीला मी लिहून दिलं की मला परिणामांची कल्पना नव्हती. तुलाही तेच लिहिलं, मॅट्रिक वगैरे. त्याच वाक्यावर समितीने मला सोडलं. ते वाक्य खोटं आहे. उद्या सकाळी दुसरा जबाब देणार आहे, त्यात हे असेल. निवृत्तीला बारा दिवस आहेत, त्यांनी काय करायचं ते करावं. तुला आधी सांगतो.

दुसऱ्या फेरीचा पाचवा आठवडा होता, नोव्हेंबर. मी तुझ्या पिंजऱ्यांचा भुसा बदलत होतो. रोधक न दिलेल्या गटातला एक उंदीर शेपटीने उचलला, तर त्याचा पाय कोरडा. दुसरा उचलला, तोही कोरडा. दहाच्या दहा. पहिल्या फेरीत याच आठवड्यात याच गटाचे पाय पिकले होते. मी रोज पाहत होतो, मीच त्यांना मऊ भुसा घालत होतो. मी एन्झाइम शिकलो नाही, पण उंदीर मला कळतात. दोन फेऱ्यांत बदललेली गोष्ट एकच होती आणि ती मी बदलली होती. मी तिथेच पिंजऱ्यासमोर उभा होतो तेव्हा मला कळलं. मग मी पिंजरा फळीवर ठेवला आणि हात धुतले.

वाटलं होतं, तिसऱ्या फेरीत काहीतरी वेगळं येईल आणि मला बोलावं लागणार नाही. नाही आलं.

मार्चमध्ये समितीचा कागद मी भरून दिला, त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात भाजी चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मामा, खरं सांग, काहीच बदललं नव्हतं?" मामी बाहेर गेली होती. आपण दोघंच होतो. एका वाक्याचं काम होतं. मी ओरडलो, "माझ्यावर संशय घेतेस? या घरात राहून?" तुझी सुरी थांबली.

हो. मला माहीत होतं. चार महिने माहीत होतं.

आणि आणखी एक आहे. ते तू विचारलं नाहीस, कारण तुला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसणार. दुसऱ्या दिवशी सामान बांधून तू निघालीस. दारात थांबलीस, वाकून माझ्या पायाला हात लावलास आणि म्हणालीस, "मामा, चुकलं माझं. तुझ्यावर शंका घ्यायला नको होती. माफ कर."

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुला माफ केलं.

मामा